फिनॉलचे ड्रम आणि सावंतमामांचे हातमोजे

आमच्या कंपनीतले चार जुने लोक कुठे लग्नाबिग्नाला भेटले, की पहिली दहा मिनिटं गुडघे, शुगर आणि मुलांचे फ्लॅट यांत जातात. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, तो ड्रम आठवतो का?" आणि संपलं! पंगत उठते, वाढपी ताटं उचलतात, बायका पर्स सावरत दारात उभ्या राहतात, आणि आम्ही अजून ड्रमाजवळच! किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. माळ्यावर सामान साठतं तसे ते साठतात. खाली काढायला गेलं की कळतं, केवढा पसारा आहे.

कंपनी मुलुंडची, चेकनाक्याच्या अलीकडे. काळ ऐंशीच्या दशकातला. घरातलं विजेचं काळं बटण, कुकरचं काळं हँडल, काळा टेलिफोन, हे सगळं ज्या पावडरीपासून व्हायचं ती पावडर आम्ही बनवायचो. प्लायवूड चिकटवायचं रेझिनसुद्धा. आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे फिनॉल, जुन्या लोकांचं कार्बोलिक ॲसिड. पूर्वी इस्पितळात पाऊल टाकल्याबरोबर जो वास यायचा ना, तोच! फिनॉल दिसायला साखरेसारखं पांढरं, वासाला गोडसर आणि स्वभावाने महाबिलंदर. बिलंदर का, ते पुढे येईलच.

मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत बडबड्या, म्हणून सेफ्टीचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. लॅबमध्ये माझ्याबरोबर सुनंदा कांबळे होती. नाहूरहून यायची, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. आणि प्लांटवर तुकाराम सावंत, आमचे सावंतमामा. मूळचे मालवणकडचे, सोळा वर्षं गिरणीत काढून आमच्याकडे आलेले. माणूस सोन्यासारखा, पण हातात ग्लोव्हज घालायचा नाही म्हणजे नाही! फिनॉलसारख्या पदार्थाशी उघड्या हातांनी खेळणारा हा माणूस एक दिवस जिवाला मुकेल, या धास्तीने माझी झोप उडायची. मामांच्या हातांत ग्लोव्हज चढवायचे, हे माझं चार वर्षांचं मिशन होतं.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. नवा माल आला. मी ऐटीत सॅम्पल काढलं, बाटली उजेडात धरली, तर फिनॉल गुलाबी! पुस्तकात तर लिहिलेलं, शुद्ध फिनॉल पांढरं असतं. झालं, मी लाल पेनाने अख्खा लॉट रिजेक्ट करून टाकला. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय, स्टोअरवाले डोक्याला हात लावून बसलेत.

सुनंदा सुट्टीवर होती. शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी बाटली बघितली, मग मला बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सायबा, लाजलां तां! नवो माणूस बघल्यान ना!"

हवा आणि उजेड लागला की फिनॉल हळूहळू गुलाबी होतं, आमच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही, हे मला सुनंदाने दुसऱ्या दिवशी समजावलं. पण तोवर अख्ख्या कंपनीत मला बघून कुणी ना कुणी पदराआड लाजून दाखवत होतं. त्यात दोन फिटर होते, ज्यांना पदरही नव्हता!

* * *

फिनॉल साधारण एकेचाळीस डिग्रीला वितळतं. म्हणजे मुंबईत मे महिन्यातसुद्धा ड्रममध्ये दगडच. म्हणून आम्ही ड्रम गरम खोलीत ठेवायचो, भिंतीला वाफेचे पाइप, आत भट्टीसारखा उकाडा. फिनॉल पूर्ण वितळलं की पंपाने ओढायचं. मध्ये गोळा राहिला की पाइप चोंदला, आणि मग दिवस गेला म्हणून समजा.

ड्रम वितळला की नाही, हे मामा बोटाच्या पेरांनी ठोकून सांगायचे. गंमत म्हणजे गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटाने मामांचे कान निम्मे निकामी केलेले. शिफ्टचा भोंगा त्यांना ऐकू यायचा नाही, पण ड्रम ऐकू यायचा! एकदा मी वहीत हिशोब मांडून जाहीर केलं, "अकरा वाजता वितळणार." अकरा वाजता मामांनी ड्रमावर टकटक केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मधी गोळो आसा."

"मामा, हिशोब चुकायचा नाही."

"हिशोब बरोबर आसतलो. पण गोळ्याक हिशोब खंय कळता?"

मी हट्टाने पंप लावायला सांगितला. पाच मिनिटांत पाइप चोंदला! संध्याकाळपर्यंत मी स्वतः गरम पाणी ओतत बसलो. सुनंदा जाता-येता विचारायची, "करंदीकर, गोळा काय म्हणतो?"

त्याच दिवशी मी मामांना पहिल्यांदा ग्लोव्हज दिले. त्यांनी ते घालून ड्रम ठोकला, मान हलवली आणि काढून माझ्या हातात ठेवले. "मोजे घातलंय तर माका आयकाक येवचां नाय. कानांनी थोडोच आयकतंय मी? हाडांनी आयकतंय."



* * *

तरी मी नेटाने चांगले, कोपरापर्यंतचे रबरी ग्लोव्हज मागवले. प्रत्येकाला जोडी दिली, सह्या घेतल्या. मामांनीही मुकाट्याने घेतले. मी खूश! दोन दिवसांनी बघतो तर मामा पुन्हा उघड्या हातांनी.

"मामा, ग्लोव्हज कुठेत?"

"घरी."

"घरी कशाला?"

"फणस इलो गावाक्सून. बायलेचे हात चिकान चिकट होतत. तेल लावक नको, काय नको, एकदम झकास काम!"

पुढच्या आठवड्यात स्टोअरसमोर रांग. सगळ्या कोकणी मंडळींचे ग्लोव्हज 'फाटले' होते! मे महिना होता, प्रत्येकाच्या घरी गावाहून फणस आलेला. कंपनीचे मालक शेठ रजिस्टर बघून भलतेच खूश झाले. "करंदीकर, तुमचा सेफ्टीचा प्रचार एकदम बढिया चाललाय!" मी मान खाली घालून 'थँक्यू' म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, कारण आदल्याच दिवशी मामांनी मला डबाभर कापे गरे आणून दिले होते.

* * *

फिनॉलचा वास अंगातून जात नाही. दोनदा आंघोळ करा, पावडर लावा, तो आहेच! बसमध्ये आमच्या शेजारचा माणूस आधी स्वतःच्या चपला बघायचा, मग सीटखाली वाकायचा आणि शेवटी उठून उभा राहायचा. सुनंदा म्हणायची, "बरंय ना. दोघांची जागा एकटीला मिळते."

पण लग्नाच्या बाजारात याने माझी वाट लावली. दोन स्थळं वासावरून फिसकटली. तिसरं गोरेगावचं. मी नवा शर्ट, अत्तर, सगळा जामानिमा करून गेलो. मुलीचे वडील दोनदा हुंगले आणि आत बघून ओरडले, "अगं, बाथरूममध्ये फिनेल सांडलं की काय?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. पालिकेच्या इस्पितळात नर्स होती. माझ्यासमोर ट्रे ठेवला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, फिनेल नाही ते. कार्बोलिक आहे. आमच्या वॉर्डात रोज असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही हात साबणाने धुता ना? नखांकडे कातडी सोललीय तुमची."

पोहे खायच्या आधीच मी मनात होकार देऊन टाकला! तीच आमची विजया. हात धुतले का, हे आजही विचारते.

* * *

सुनंदाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय ती मला सोडायची नाही.

प्लांट धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं. सुनंदाचं म्हणणं, त्यात फिनॉल जातंय, नाल्याकाठी पोरं खेळतात, आधी टाकी बांधा. शेठचं म्हणणं, "पाणी तर काचेसारखं साफ हाय." सहा महिने हेच चाललेलं.

एक दिवस शेठच्या केबिनमध्ये मोठ्या पार्टीबरोबर मीटिंग चालू होती. सुनंदा काचेचा ग्लास घेऊन आत गेली. ग्लासात नाल्याचं पाणी, दिसायला खरंच स्वच्छ. तिने टेबलावर ग्लास ठेवला, खिशातून छोटी बाटली काढली आणि पिवळसर द्रावणाचे चार थेंब टाकले. फेरिक क्लोराइड! फिनॉल असलं की ते जांभळं होतं, हे कॉलेजच्या पोरालाही माहीत असतं. बघता बघता ग्लास गर्द जांभळा!

पार्टी बघतच राहिली. शेठचा चेहरा पांढरा. सुनंदा म्हणाली, "शेठ, कलर मस्त आलाय. पडदे करायचे का केबिनला?"

आम्हाला वाटलं, बाईची नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी टाकीचं खोदकाम सुरू झालं. शेठ माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त रंग दाखवावा लागायचा. टाकीचं पाणी तपासायचं काम मात्र त्याने सुनंदालाच दिलं, आणि दर सोमवारी फोन करून विचारायचा, "आज जांभला तर नाय ना?"

* * *

आता त्या बिलंदरपणाबद्दल.

आगीने भाजलं की माणूस ओरडतो. ॲसिड पडलं की उड्या मारतो. फिनॉल पडलं की काहीच होत नाही! ते कातडी आधी बधिर करतं. जागा पांढरी पडते, दुखत नाही, आणि माणूस म्हणतो, "काही झालं नाही." तोवर ते कातडीतून रक्तात उतरतं आणि हृदय, मूत्रपिंड सगळ्यांना गाठतं. एका कारखान्यात असंच एकाच्या अंगावर सांडलेलं. तो 'थोडंसंच आहे' म्हणत बाकावर बसून राहिला आणि बसल्या जागी गेला. हे ऐकल्यापासून मामांचे उघडे हात बघितले की मी ग्लोव्हज घेऊन त्यांच्या मागे लागायचो.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कँटीनमध्ये माझं लेक्चर असायचं. "फिनॉल पडलं की कपडे ताबडतोब काढा. लाजू नका. शॉवरखाली उभे राहा. तांब्याभर पाणी नको, धो धो पाणी पाहिजे. आणि दुसऱ्याला मदत करणाऱ्याने आधी ग्लोव्हज घालायचे, नाहीतर एकाऐवजी दोन पेशंट!" मामा शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. दर महिन्याला! एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, ऐकताय का?"

मामांनी डोळे न उघडता डावा हात वर केला. मनगटावर जुना, पांढरट, रुपयाएवढा डाग होता. "ह्यां बघ. धा वर्षां झाली. दुखलांच नाय, तर भाजलां कसां?"

सगळं कँटीन हसलं. मीही हसलो, पण घरी जाऊन विजयाला म्हणालो, "हा माणूस एक दिवस जाणार, आणि मी लेक्चर देत राहणार."

* * *

आणि आता तो किस्सा, ज्याच्यासाठी लग्नात आमची पंगत अडते.

डिसेंबरची सकाळ. मामा चहाला गेलेले. गरम खोलीत मी एकटा, समोर ड्रम. खरं सांगतो, चार वर्षं मामांशी भांडताना मला एक छुपी हौस लागली होती. आपल्यालाही ड्रम ऐकू आला पाहिजे! मी इकडे तिकडे बघितलं. कुणी नाही. सेफ्टीवाल्या साहेबाने हळूच दोन्ही ग्लोव्हज काढले, शेजारच्या ड्रमावर ठेवले आणि पेरांनी ठोकलं. टक, टक.

आणि आलं ऐकू! निदान मला तसं वाटलं. आत गोळा नाही, सगळं पाणी! मला इतका आनंद झाला की मी चावी घेऊन ड्रमाचं बूच उघडायला लागलो. आता यातही मामांचा एक नेम होता. तापलेल्या ड्रमाचं बूच आधी पाव फेरा सैल करायचं आणि चार पावलं मागे व्हायचं. "तेका श्वास सोडूक दी," म्हणायचे. मी उत्साहात सबंध फेरा दिला.

फस्स! गरम फिनॉल थेट माझ्या उजव्या मांडीवर.

क्षणभर गरम लागलं, मग गार वाटलं, मग काहीच नाही. पँटवर मोठा ओला डाग. पहिला विचार काय आला असेल? 'आजच इस्त्री केली होती!' दुसरा विचार, 'थोडंसंच आहे, लॅबमध्ये जाऊन पुसू.' आणि तिसरा, समोर पॅकिंगच्या बायका बसल्यात, पँट काढणार कशी? जे जे करू नका म्हणून मी चार वर्षं घसा फोडला, ते सगळं मी एका मिनिटात करून दाखवलं! मी चक्क चालत, शांतपणे, लॅबकडे निघालो.

खोलीच्या दारात मामा. हातात चहाचा ग्लास. त्यांनी माझ्या पँटकडे बघितलं आणि ग्लास फेकून दिला.

"पट्टो सोड!"

"मामा, बायका आहेत समोर."

"बायलांनी उघडे झील बघलेले आसत! सोड मेल्या, पट्टो सोड!"

माझी बोटं बकलवर अडखळायला लागली. मामा पुढे आले आणि थांबले. शेजारच्या ड्रमावरचे माझे ग्लोव्हज त्यांनी उचलले आणि घातले. दोन्ही. बोटं नीट बसवून. मग माझी पँट शिवणीला धरून अशी टर्रकन ओढली की तिचा उजवा पाय मुळापासून वेगळा झाला! मला खांद्यावर टाकलं आणि शॉवरखाली नेऊन उभं केलं.

सुनंदा धावत आली. शॉवरची साखळी ओढून धरली, तोंड भिंतीकडे केलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभी राहिली.

"सुनंदा, बास झालं."

"अजून बारा मिनिटं. हलू नकोस."

"थंडी वाजतेय गं!"

"वाजू दे. जिवंत माणसालाच वाजते."

मी खाली बघितलं. मांडी चुन्यासारखी पांढरी झालेली. मी बोट लावलं, काही कळेना. तेव्हा मात्र मी घाबरलो. आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. मामा समोर उभे होते आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "काय होवचां नाय तुका. मी आसंय."

इस्पितळात पाच दिवस. फिनॉल मूत्रपिंडात गेलं की लघवी काळपट होते, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच. विजया रोज बाटली उजेडात धरून बघायची, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. शेठ मोसंबी घेऊन आले आणि भर वॉर्डात दारातूनच ओरडले, "करंदीकर, कलर काय हाय?" तिसऱ्या दिवशी कलर साफ झाला. विजया बाटली ठेवून व्हरांड्यात गेली आणि एकटीच रडून आली. डॉक्टर म्हणाले, ती पँट आणखी थोडा वेळ अंगावर राहिली असती, तर आम्हाला काही करता आलं नसतं.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. घरी बसवेना म्हणून मी लंगडत कंपनीत गेलो. लेक्चर यावेळी होणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो. पण कँटीनमधून आवाज येत होता. दारातून डोकावलो तर आत सगळी कंपनी गच्च बसलेली, पहिल्या रांगेत शेठ, त्यांच्या शेजारी सुनंदा.

आणि समोर, माझ्या जागेवर, सावंतमामा! दोन्ही हातांत कोपरापर्यंत रबरी ग्लोव्हज. त्या हातांनी त्यांनी एक पँट उंच धरलेली, उजवा पाय नसलेली. सुनंदाने ती कॉस्टिक सोड्यात भिजवून धुऊन दिली होती म्हणे.

"ही प्यांट वळाखलात?" मामा विचारत होते. "हेच्यात आमचो करंदीकर सायब होतो. रोज सगळ्यांका सांगी, मोजे घाला, मोजे घाला. एक दिवस तेनी सोताचे काढल्यान."

मामांनी पँट हळूहळू चारी बाजूंना फिरवून दाखवली. कुणी हसलं नाही.

"आता ज्येका मोजे नको आसत," मामा म्हणाले, "तेनी उद्यापासून ही प्यांट घालून कामाक येवचां!"